फुटबॉलचे पाय, कुस्तीची मान

फुटबॉल सोडून कुस्तीकडे वळण्याबद्दल या महिन्यात यवतमाळ, अमरावती, वर्धा, भंडारा, गडचिरोली या जिल्ह्यांतल्या गावांतून पत्रं आली. काहींना टीव्हीवरच्या कुस्तीचं कुतूहल आहे, काहींच्या घरात खरोखरच निर्णयाची वेळ आली आहे. निवडक पत्रांना इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : टीव्हीवरचे मोठमोठे पहेलवान आधी फुटबॉल खेळायचे म्हणतात. ते आपल्यासारखंच फुटबॉल का? आणि फुटबॉलवालेच तिकडे एवढे का जातात? (एक वाचक, दारव्हा तालुका)

आपल्या पोरांचं फुटबॉल ते नव्हे. ते अमेरिकन फुटबॉल : अंडाकृती चेंडू, डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यावर जाड पॅड. त्यात समोरासमोर उभे राहणारे गडी सव्वाशे-दीडशे किलोचेही असतात. ते वाकून, एक हात जमिनीला टेकवून बसतात आणि शिटी नव्हे, चेंडू हलला की एकमेकांवर आदळतात. चार-पाच सेकंदांची झटापट, थोडा दम, पुन्हा झटापट. खाली बसून कंबरेतून जोर काढायचा आणि समोरच्याला जागेवरून हलवायचं, हे काम कुस्तीच्या फार जवळचं आहे.

दुसरं कारण पोटापाण्याचं. तिथे विद्यापीठांतून दरवर्षी हजारो खेळाडू बाहेर पडतात आणि व्यावसायिक संघांत जागा मोजक्या. बावीस-तेविसाव्या वर्षी शरीर तयार, गर्दीची सवय झालेली, पण हाताला काम नाही. ड्वेन जॉन्सन, म्हणजे 'द रॉक', मायामी विद्यापीठाच्या १९९१ च्या विजेत्या संघात होता. १९९५ मध्ये कॅनडातल्या कॅल्गरीच्या संघाने त्याला दोन-तीन महिन्यांतच घरी पाठवलं. खिशात सात डॉलर उरले होते असं तो सांगतो. वडील आणि आजोबा दोघेही व्यावसायिक पहेलवान, त्यामुळे शिकवणारा घरातच होता. नोव्हेंबर १९९६ मध्ये तो न्यूयॉर्कच्या रिंगणात उतरला. बिल गोल्डबर्ग अटलांटाच्या संघात होता. ओटीपोटाचा स्नायू हाडापासून फाटला आणि फुटबॉल संपलं. रोमन रेन्सला २००७ मध्ये मिनेसोटाच्या संघाने घेतलं, पण हंगामाआधीच सोडलं. २०१० मध्ये त्याने कुस्तीचा करार केला.

पण या वाटेवरचा खरा मोठा माणूस यांच्या कितीतरी आधीचा. ब्रॉन्को नागुर्स्की. जन्म १९०८, कॅनडातलं रेनी रिव्हर. वाढला सीमेपलीकडे मिनेसोटातल्या इंटरनॅशनल फॉल्स गावात. १९३० मध्ये शिकागो बेअर्स संघात आला तेव्हा हंगामाचे पाच हजार डॉलर ठरले होते. मग मंदी आली आणि पगार वाढण्याऐवजी कमी होत गेला. कुस्ती त्याने पैशासाठी धरली, हे स्पष्ट आहे. जून १९३७ मध्ये डीन डेटनला हरवून तो विजेता झाला आणि त्याच वर्षी फुटबॉलही खेळत राहिला. त्या काळातल्या एका तीन आठवड्यांत त्याने आठ कुस्त्या आणि पाच सामने केले, मधला प्रवास वेगळाच. हंगाम संपल्यावर त्याने सहा हजार डॉलर मागितले. मालक जॉर्ज हॅलस तयार झाला नाही, तेव्हा तो संघ सोडून पूर्णवेळ कुस्तीत गेला. १९४३ मध्ये युद्धामुळे खेळाडू कमी पडले, तेव्हा त्याच संघाने त्याला परत बोलावलं आणि अंतिम सामन्यात त्याने गुणही मिळवून दिले. १९६३ मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या मानकऱ्यांच्या पहिल्याच यादीत त्याचं नाव आलं. उतारवयात गावी पेट्रोलपंप चालवला.

मराठी वाचकाला हा माणूस वाटतो तितका दूरचा नाही. १९३९ मध्ये नागुर्स्कीने ज्या लू थेझला हरवून किताब घेतला, त्याच थेझला दारासिंगांनी १९६८ मध्ये मुंबईत हरवलं.

प्रश्न : माहा पोरगा १९ वर्षाचा हाये, वजन ६८ किलो. सात वर्षं फुटबॉल खेयला, जिल्ह्याच्या संघात होता. आता म्हन्ते का आखाड्यात जातो, पयलवान होतो. त्याच्या मायले भेव लागते का मान मोडन. काय करावं? (एक पालक, मोर्शी तालुका)

भाऊ, त्याच्या आईची भीती योग्य जागेवर आहे. फुटबॉल खेळणाऱ्याचे पाय तयार असतात, मान तयार नसते. पोराला अडवू नका, पण पहिले दोन महिने त्याला लढतीत उतरू देऊ नका. वस्तादांना हे आधीच सांगून ठेवा, कारण पाय चपळ दिसले की आखाड्यातली मंडळी लगेच जोड लावून देतात.

आधी गुडघा. फुटबॉलमध्ये कधी गुडघा पिळला होता का, चालताना 'निसटल्यासारखा' होतो का, अडकतो का, हे विचारा. यातलं एक जरी असेल तर हाडांच्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय आखाडा नको. पट काढताना, म्हणजे समोरच्याचा पाय धरून त्याला पाडताना, पाऊल मातीत रुतलेलं असतं आणि अंग वळतं. गवतावर पाऊल थोडं तरी घसरतं, मातीत घसरत नाही, म्हणून जुनी इजा तिथे वर येते.

मान. पहिले चार आठवडे फक्त हाताच्या विरोधात. तळहात कपाळाला लावायचा, डोकं हलू न देता अर्ध्या ताकदीने दाबायचं, आठ ते दहा सेकंद. असं पाच वेळा, मग मागून, मग दोन्ही बाजूंनी. रोज केलं तरी दहा मिनिटांत होतं. पाचव्या आठवड्यापासून पंचा डोक्याला लावून जोडीदाराने हळू ओढायचं आणि याने मान सरळ राखायची. डोकं जमिनीला टेकवून पूल करणं (डोकं आणि पावलांवर अंग कमानीसारखं उचलणं) दोन-अडीच महिन्यांनंतर, तेही हाताचा आधार ठेवून, दहा सेकंदांपासून सुरुवात. इतरांचं पाहून पहिल्याच आठवड्यात पूल केला की मानेचे मणके ज्या कोनात दाबले जातात ती सवय स्नायूंना नसते. दुखणं तिथूनच सुरू होतं. दंडात कळ उतरली, बोटांना मुंग्या आल्या, तर त्याच दिवशी मेहनत बंद आणि डॉक्टर.

पडणं. गवतावर पडताना खेळाडू नकळत हात मागे टेकवतो. कुस्तीत वरून दुसऱ्याचं वजन येतं, मग मनगट किंवा हंसळीचं हाड जातं. ही सवय मोडायला मऊ मातीवर उकिडवं बसायचं, हनुवटी छातीला लावायची, मागे लोळताना दोन्ही हात अंगापासून अर्धवट दूर ठेवून तळवे मातीवर आपटायचे आणि तोंडाने श्वास सोडायचा. डोकं मातीला लागता कामा नये. रोज वीस वेळा; दोन आठवड्यांनी अर्धं उभं राहून, महिन्याने पूर्ण उभं राहून.

ओढ. फुटबॉलमध्ये हाताला काम नसतं, म्हणून पकड आणि पाठ कच्ची राहते. दोरावर चढणं, मल्लखांब, ओला पंचा दोघांनी ओढणं, विहिरीचं पाणी दोराने शेंदणं, यातलं जे गावात आहे ते चालेल.

जोर-बैठकांबाबत फुटबॉलवाल्याची हमखास फसगत होते. पाय मजबूत म्हणून पहिल्याच दिवशी पाचशे बैठका मारतो. सवय नसताना असा भार पडला की स्नायू तुटून त्यातलं द्रव्य रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडावर येतं. लघवी चहासारखी काळपट झाली तर घरी लिंबूपाणी देत बसू नका, दवाखान्यात न्या. सुरुवात वीस बैठकांचे तीन फेर आणि आठ जोरांचे तीन फेर. दर आठवड्याला थोडी वाढ.

दमाचं गणितही वेगळं आहे. फुटबॉलच्या दीड तासात खेळाडू नऊ-दहा किलोमीटर पळतो, पण बराच वेळ संथ. गादीवरची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची, मध्ये फक्त तीस सेकंद, आणि एक क्षणही ढिला नाही. म्हणून लांब पळणं आठवड्यातून एकदाच ठेवा. त्याऐवजी तीस सेकंद पूर्ण जोर, तीस सेकंद हळू, असे सहा फेर, दोनदा, आठवड्यातून दोन दिवस.

तिसऱ्या महिन्यात खडाखडी (उभ्याने हात-मान धरून जोर आजमावणं) आणि पट अडवणं, चौथ्यात एकेरी पट आणि हप्ता हे डाव. पहिली दंगल, म्हणजे कुस्त्यांचा फड, सहा महिन्यांनंतर. पोळा असो की दिवाळीनंतरची मंडईची जत्रा, इनामाच्या आकड्याकडे पाहून तारीख ठरवू नका. आणि एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो : देशपातळीवरची पोरं दहा-बारा वर्षांची असताना आखाड्यात आलेली असतात. एकोणिसाव्या वर्षी सुरुवात करून विद्यापीठ आणि जिल्ह्यापर्यंत नक्की जाता येतं. त्यापुढचं स्वप्न त्याने पाहावं, पण त्यासाठी कॉलेज सोडू नये.

प्रश्न : मी कॉलेजच्या संघात फुटबॉल खेळते, आता कुस्तीही सुरू केली आहे. वजन ५८ किलो. ५३ च्या गटात उतर, तिथे जोड सोपी मिळेल असं सगळे सांगतात. घरी मांसाहार नाही. शिवाय मी सिकलसेलची वाहक (एएस) आहे. (एक वाचक, कुरखेडा तालुका)

ताई, शेवटचं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं, म्हणून तिथून सुरुवात करू. सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार. वाहक असणं म्हणजे आजार नव्हे आणि वाहक खेळू शकतात. पण अतिश्रम, उष्णता आणि पाण्याची कमतरता एकत्र आली की वाहकाच्याही तांबड्या पेशी विळ्यासारख्या होऊन रक्तवाहिन्यांत अडकू शकतात. अमेरिकेत हे फुटबॉलमुळेच ठळकपणे पुढे आलं. २००६ मध्ये टेक्सासमधल्या राइस विद्यापीठाचा एक खेळाडू सरावाच्या धावांनंतर कोसळला आणि दगावला. तो वाहक होता. २०१० पासून तिथे वरच्या गटातल्या विद्यापीठांच्या खेळाडूंची ही तपासणी होऊ लागली. विदर्भात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे, तेव्हा आपल्याकडे प्रत्येक संघाने आणि आखाड्याने हे विचारायलाच हवं. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी होते.

तुम्ही काय करायचं? वस्तादांना आणि फुटबॉलच्या प्रशिक्षकांना सांगून ठेवा. सुट्टीनंतर परत येताना पहिल्या दिवशी सगळ्यांबरोबर पूर्ण मेहनत करू नका, दोन-तीन आठवड्यांत चढवत न्या. एकामागून एक सलग धावा टाळा, मध्ये पुरेसा दम घ्या. ताप किंवा जुलाब असताना मेहनत बंद. साध्या वांबात स्नायू गोळा होऊन टणक लागतो आणि माणूस ओरडतो. पेशी अडकल्या तर पाय टणक न होता गळून जातात, मुलगी मुकाट खाली बसते. अशा वेळी 'ऊठ, नाटक करू नको' म्हणणारा माणूस धोकादायक आहे. लगेच सावलीत घ्या आणि थेट दवाखाना गाठा.

आता वजन. महिलांचे ऑलिम्पिक गट ५०, ५३, ५७, ६२, ६८ आणि ७६ किलोंचे. ५८ वरून ५७ म्हणजे एक किलो. रात्रीचा भात आणि तेलकट कमी करून तीन आठवड्यांत निघतो. ५३ साठी पाच किलो उतरवायचे, तर शेवटी पाणी तोडावं लागतं. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत तीन विद्यापीठीय पहेलवान असं वजन उतरवताना काही आठवड्यांच्या अंतराने गेले. प्लास्टिकचे कपडे घालून तापलेल्या खोलीत व्यायाम करत होते. तुमच्यासाठी तर हा मार्ग पूर्ण बंद. ५७ मध्येच लढा.

खुराकाला काजू-बदाम लागत नाहीत. ५८ किलोला दिवसाला साधारण ९५ ते ११५ ग्रॅम प्रथिनं हवीत. पाऊण लिटर दूध (२४), कच्ची ८० ग्रॅम तूरडाळ (१८), कोरडी ४० ग्रॅम सोयाबीन वडी (२०), मूठ-दोन मूठ फुटाणे (१०), ३० ग्रॅम शेंगदाणे (७) आणि दोनशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी (२०) एवढ्यात जवळपास शंभरी गाठली जाते. घरचं सोयाबीन असेल तर शिजवूनच खा, कच्चं किंवा नुसतं भिजवलेलं पचत नाही. लाखोळी आठवड्यातून एखाद्या वेळी ठीक, पण रोजची डाळ म्हणून महिनोन्‌महिने नको. तिच्यातल्या विषारी घटकाने पायांतली ताकद जाते. हिमोग्लोबिन तपासा आणि जेवणानंतर तासभर चहा घेऊ नका, लोह शोषलं जात नाही. उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो. तेव्हा मेहनत पहाटे साडेपाच ते सात. मेहनतीनंतर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

प्रश्न : टीव्हीवरच्या कुस्तीचा निकाल आधीच ठरलेला असतो ना? मग त्यांना लागतं कसं? (एक वाचक, साकोली तालुका)

निकाल ठरलेला असतो, जमीन खरीच असते. रिंगण म्हणजे लोखंडी चौकट, तिच्यावर आडव्या लाकडी फळ्या, वर पातळ फोम आणि ताणलेलं कॅनव्हास. मधली जागा थोडी लवते आणि आवाज मोठा करते, कडेला मात्र काहीच लवत नाही. पडणारा वरच्या पाठीवर सपाट पडतो, हनुवटी आत, हात पसरून. वरच्या मुलाला सांगितलं तेच, फक्त उंचीवरून आणि वर्षाला शेकडो वेळा. कमरेवर पडला तर मणका, डोक्यावर पडला तर मेंदू.

तिथे आपलं अंग समोरच्याच्या हातात दिलेलं असतं. मैदानावर फुटबॉलवाला पूर्ण जोराने आदळायला शिकतो. इथे जोर दाखवून तो ऐनवेळी आवरायचा असतो. हे आवरणं शिकायला वेळ लागतो. गोल्डबर्ग सप्टेंबर १९९७ मध्ये पडद्यावर आला आणि दहा महिन्यांत विजेता झाला. डिसेंबर १९९९ मध्ये त्याची लाथ ब्रेट हार्टच्या डोक्याला बसली. हार्टच्या मेंदूला इजा झाली आणि पुढच्या वर्षी त्याला खेळ सोडावा लागला. यात द्वेष नव्हता, अंतराचा अंदाज चुकला होता.

ख्रिस नोविन्स्कीचं आयुष्य आम्हाला या सगळ्यांत जास्त मोलाचं वाटतं. हार्वर्डचा फुटबॉल खेळाडू, पदवी २००० ची, मग व्यावसायिक कुस्ती. २००३ मध्ये डोक्याला मार बसल्यावर तो काही आठवडे लक्षणं लपवून लढत राहिला. डोकेदुखी हटेना, झोप बिघडली, शेवटी कुस्ती सुटली. त्यानंतर त्याने मेंदूच्या इजांचा अभ्यास सुरू केला, डॉक्टर रॉबर्ट कँटू यांच्यासोबत २००७ मध्ये संस्था काढली आणि खेळाडूंनी मृत्यूनंतर मेंदू संशोधनासाठी द्यावेत म्हणून कुटुंबांशी बोलत राहिला. वारंवार डोक्याला बसणाऱ्या माराने मेंदू हळूहळू कसा खराब होतो, हे समजायला त्या मेंदूंचा मोठा उपयोग झाला.

गावच्या दंगलीत आणि फुटबॉलच्या सामन्यात नियम सारखाच ठेवा. डोक्याला मार लागून कुणी गोंधळला, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तोल गेला, तर त्या दिवशी परत उतरायचं नाही, इनाम कितीही असो. उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा डोळ्याची एक बाहुली मोठी दिसली तर तातडीने मोठा दवाखाना. नंतरही चालणं, हलका व्यायाम, एकट्याचा सराव, मग जोडीदार, अशा पायऱ्यांनी यायचं. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस, आणि लक्षण परतलं की एक पायरी मागे.

प्रश्न : गावात आखाडा करायचा आहे. आमच्याकडे सगळी काळी माती. (एक वाचक, दर्यापूर तालुका)

काळी माती वापरू नका. ओली झाली की फुगते आणि पायाला चिकटते, वाळली की भेगा पडून ढेकळं दगडासारखी होतात. तांबडी माती बाहेरून आणा आणि बारीक चाळणीने चाळा. वीस बाय वीस फुटांचा हौद, तळाला अर्धा फूट गिट्टी-मुरूम, वर दीड फूट माती धरली तर मातीच सहा ब्रास लागते. ताक आणि तेलाने धूळ बसते, माती मऊ राहते. हळद, कडुनिंब परंपरेने घाला, पण त्याने जखम सुरक्षित होते असं समजू नका. प्रत्येकाचं धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांच्या आतलं असावं. ओलावा तपासायला मूठभर माती दाबा : गोळा व्हायला हवा आणि कमरेइतक्या उंचीवरून टाकला की फुटायला हवा. रोज मेहनतीआधी वीतभर खोल खणून खडे वेचा. वर पत्र्याचं छप्पर आवश्यक, नाहीतर पहिल्याच पावसात तळं होतं.

प्रश्न : आखाड्यातल्या पाच-सहा जणांना गजकर्ण झालं आहे. मलम लावलं की जातं, पुन्हा येतं. (एक वाचक, सेलू तालुका)

मेडिकलमधून आणलेल्या मिश्र मलमात बहुधा स्टिरॉइड असतं. खाज थांबते, बुरशी आत पसरत राहते. ते बंद करून त्वचेच्या डॉक्टरकडे सगळ्यांनी एकत्रच जा, कारण एकजण राहिला तरी तो बाकीच्यांना परत देतो. सांगितलेला कोर्स डाग गेल्यावरही पूर्ण करा. लंगोट आणि पंचा प्रत्येकाचा वेगळा, रोज गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवलेला. डाग पूर्ण जाईपर्यंत लढत बंद. मान, पकड आणि बैठकांची मेहनत एकट्याने चालू ठेवायला हरकत नाही.